उजव्या कोपऱ्यातली ताई

आमची आई जन्मापासून बहिरी आहे. हे आमच्या दादाला माहीत नसेल असं कोण म्हणेल? तिच्याच पोटी जन्मला, तिच्याच मांडीवर वाढला. तरी या शहाण्याने परवा मला फोन केला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की सगळं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून झालं, आणि आवाज तर असा स्वच्छ आलाय म्हणून सांगू!

आवाज म्हणे. स्वच्छ म्हणे.

थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई उगीच तणतणतेय. तशी मी तणतणतेच. घरात मला मिरची म्हणतात, आणि तेही तोंडाने नाही, हाताने. आमच्या घरात सगळं बोलणं हातांनी चालतं, त्यामुळे प्रत्येकाला एकेक हाताचं नाव आहे. माझं नाव म्हणजे तिखट लागल्यासारखा तोंडापुढे हात हलवायचा. दादाचं नाव गालाखाली मूठ, कारण हा लहानपणी जेवता जेवतासुद्धा झोपायचा. थोरल्या ताईचं नाव वेणी ओढायची. आणि आईचं नाव आम्ही तिघांनी मिळून ठेवलेलं. आई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होती. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्या बायकांची डोकी उठायची आणि ही आपली मजेत. संध्याकाळी घरी आली की बोटांवर खळ वाळलेली असायची. चपला काढता काढता ती डाव्या अंगठ्यावरचा खळीचा पापुद्रा सोलायची. तेच तिचं नाव झालं, अंगठ्यावरून पापुद्रा सोलायचा. जगात ही खूण फक्त आम्हा तिघांना कळते. आता दोघांना.

घरात दोन नियम होते. आईसमोर भांडायचं तर हातांनी भांडायचं, म्हणजे तिला निवाडा करता येईल. आणि काहीही झालं तरी दुसऱ्याचे हात धरायचे नाहीत. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात दाबण्यासारखं आहे ते. बशा फोडल्या, शाळेला दांड्या मारल्या, आईने कधी बोट लावलं नाही. पण एकदा भांडणात मी ताईची मनगटं धरली, तेव्हा असा फटका बसला की अजून पाठ आठवण काढते.

ताई मोठी झाल्यावर टीव्हीवर लागली. दुपारच्या बातम्यांत उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट असते ना, बातम्या खुणांनी सांगणारी बाई, ती आमची ताई. तुम्ही तिच्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. कोण पाहतं? पण आमच्या घरात ती मधली नटलेली बातमीवाली कोण हे कुणाला माहीत नव्हतं, आम्ही कोपराच बघायचो. अडचण एवढीच होती की बातम्या दुपारी आणि आई कारखान्यात. म्हणून ताईने टीव्हीला रेकॉर्डरवाला डबा बसवून घेतला. दुपारी तो आपोआप बातम्या धरून ठेवायचा. संध्याकाळी आई यायची, खळ धुवायची, आणि खुर्ची ओढून लेकीसमोर बसायची.

शेवटी बातमीवाली हातातले कागद टेबलावर ठोकून सरळ करायची. चित्र हळूहळू काळं व्हायला लागायचं. त्या तेवढ्यात ताई डाव्या अंगठ्यावरून पापुद्रा सोलायची. म्हणजे काय, तर हाक मारायची. आई. रोज. एकदा तिथल्या साहेबाने तिला झापलं होतं, हातांचे चाळे काय करता म्हणून. ताईने सांगितलं, त्वचा कोरडी आहे हो, खाज येते. आणि इकडे आई खुर्चीतून उत्तर द्यायची, खांद्यावरची नसलेली वेणी ओढायची. मग उठून स्वयंपाकाला लागायची.

ताई गेली. आजार निघाला, आणि बघता बघता गेली. तिचा आजार हा वेगळाच विषय आहे. त्यावर बोलायला लागले तर माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही.

तेव्हापासून आई रोज संध्याकाळी एक जुनं बातमीपत्र लावून बसायची. कुठला पूल कधीचा बांधून झाला, कुठल्या पुराचं पाणी केव्हाच ओसरलं, पण तिला त्याचं काय. आणि मग तिचे डोळे जायला लागले. नजरेच्या मधोमध डाग येतो म्हणे, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी दादाला आणि मला स्पष्ट सांगितलं, आहे ती नजर फार दिवस टिकणार नाही, काय दाखवायचं ते दाखवून घ्या. आई टीव्हीला नाक टेकवून बसायला लागली. चौकट ती केवढी, पत्त्यातल्या पानाएवढी. एक दिवस माझ्याकडे वळून तिने विचारलं, ताई हल्ली हळू का बोलते?

तेव्हाच मी ठरवलं. मी स्टुडिओत काम करते, लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापते, जोडते. कोपऱ्यातली चौकट कापून अख्ख्या पडद्यावर मोठी करणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. बातमीवाली गेली उडत. आईला ताई भिंतभर मोठी दिसली पाहिजे, डोळे आहेत तोवर.

पण त्यासाठी रेकॉर्डिंग आधी डब्यातून बाहेर यायला हवं. आणि तो डबा म्हणजे एक नंबरचा लबाड. आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीखाली, पण आत जे साठवलंय ते आपलं नाही. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर कॉम्प्युटरला ती कोरी दिसते, आणि वर तो विचारतो, पुसून टाकू का? कंपनीने कुलूपच असं घातलंय. मग एकच वाट उरते. डब्यावर रेकॉर्डिंग चालू करायचं, वायर एका छोट्या यंत्रात, यंत्र कॉम्प्युटरला, आणि टीव्हीवर जे दिसतं ते दिसत असताना उतरवून घ्यायचं. अर्ध्या तासाच्या बातम्यांना अर्धा तास. घाई चालत नाही.

माझा लग्नाचा हंगाम ऐन भरात होता. दादा म्हणाला, आई माझ्याकडे, डबा माझ्याकडे, मी उतरवतो, तू फक्त कापायचं बघ. मी स्टुडिओतलं चांगलं यंत्र त्याच्याकडे नेलं, सगळं जोडून दिलं, चित्राचा आकार सगळ्यात मोठा लावून दिला. त्याला बजावलं की इथे हात लावायचा नाही. जागा भरली तर मला सांग, दुसरी डिस्क आणून देते. त्याने मान डोलावली. वहिनीने पण ऐकलं. ती म्हणाली, लिहून भिंतीवर चिकटवा, हे विसरतील. नवऱ्याला ओळखून आहे ती.

आणि परवा त्याचा फोन आला. आवाज स्वच्छ. त्याने पेनड्राइव्ह पाठवला होता, तो त्याच दिवशी हातात पडला. तेव्हाच मला संशय आला. एवढ्या रेकॉर्डिंगला एक पेनड्राइव्ह? खिशात मावेल एवढा?

लावला. बातमीवाली सुरेख. केसन् केस दिसतोय. कोपऱ्यातली चौकट मोठी केली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचा चेहरा ओळखू येत होता, पण कोपरापासून पुढे हातच नाहीत. नुसते चौकोन. ती हात हलवायची आणि ते चौकोन एकमेकांत मिसळायचे, भिजवलेल्या कणकेसारखे. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळ्या तशाच. या पठ्ठ्याची जागा भरली, तर मला फोन करण्याऐवजी त्याने खालचा पर्याय निवडला होता, लहान फाइल. लहान फाइल म्हणजे काय होतं, तर आवाजाला धक्का लागत नाही. जो माणूस हलत नाही त्यालाही फारसा लागत नाही. जे हलतं तेच आधी मरतं. आणि आमच्या ताईचं बोलणं म्हणजे नुसतं हलणंच होतं.

मी फोन लावला. स्वतःला सांगितलं, शांत राहा, डबा आहे ना, पुन्हा उतरवू. मी त्याला एवढंच विचारलं, "डबा कुठे आहे?"

तो म्हणाला, "डबा? तो बदलून दिला ना. कंपनीचा माणूस आला होता, जुना घेऊन नवीन देतात. काम तर झालंच होतं."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. मग कंपनीला फोन केला. तिथल्या पोरीने गोड आवाजात सांगितलं, जुने डबे तिथल्या तिथे पुसूनच परत घेतले जातात, ग्राहकांच्या हितासाठी. मी तिला ग्राहकाचं हित काय असतं ते ऐकवलं, पण तिचा तरी काय दोष. टीव्हीवाल्यांनाही विचारलं. जुन्या बातम्या ते ठेवत नाहीत. आणि तिथला एक म्हणतो कसा, त्या कोपऱ्यातल्या बाई का, त्या खिडकीचं वेगळं कोण ठेवणार? मी त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पाठीला मारला आणि दादाच्या घरी गेले. वहिनीने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि बाजूला झाली. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. टीव्हीखाली नवा कोरा डबा, त्याच्यावर निळा दिवा. दादा चहा पीत होता. माझ्याकडे बघून हसला सुद्धा.

मी तोंडाने सुरुवात केली, कारण आईला एकदम कळू नये असं मलाही वाटत होतं. विचारलं, उतरवलेलं एकदा तरी पाहिलंस का रे? तर म्हणतो, पाहिलं म्हणजे काय, रोज चालू ठेवून इस्त्री करायचो, ऑफिसचं काम करायचो, मध्येच आवाज अडकत नाही ना याकडे माझा कान होता. कान! बहिऱ्या आईचा मुलगा, आणि ताईचं बोलणं कानाने तपासतोय, इस्त्री करता करता. आणि डबा पुसला तेव्हा कुठे होतास? तर तिथेच होता. डब्याच्या मागे अंधार होता म्हणून त्या माणसाला टॉर्च धरून उभा होता. पडद्यावर प्रश्न आला, सगळं रेकॉर्डिंग पुसलं जाईल, चालेल का, आणि 'हो' यानेच दाबलं. आई तिथेच बसलेली. तिने विचारलं होतं, काय लिहून आलंय, मला दिसत नाही. यानं हातांनी सांगितलं, नवीन, छान.

त्या 'नवीन, छान'ने माझं डोकंच फिरलं. मी आईसमोर उजेडात जाऊन उभी राहिले आणि हात उचलले. आता आम्ही आईशी मोठ्या मोठ्या खुणा करतो, तिच्या नजरेच्या कडेला येतील अशा. मी सांगायला लागले. ताईची वेणी ओढली. मग हात दाखवले. मग...

दादाने माझी दोन्ही मनगटं धरली.

"नको सांगूस," तो म्हणाला. "तिला आता दिसत तरी किती? कशाला सांगतेस? चाललंय ते चालू दे."

तो रडवेला झाला होता, हेही सांगते. दुष्टपणाने नाही धरलं त्याने. पण धरलं. आणि आईला बाकी काही दिसो न दिसो, ते दिसलं. ती उठली, दोन पावलं चालत आली आणि केस पिकलेल्या, पोट सुटलेल्या त्या माणसाच्या पाठीत तिने असा धपाटा घातला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. दादाने मनगटं सोडली. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता.

आई हातांनी म्हणाली, "दाखव."

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, चौकट भिंतभर मोठी केली. आई पडद्याला नाक लावून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत राहिली. चौकोन हलत होते. मला वाटलं आता ही कोसळणार. पण तिने बऱ्याच वेळाने माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, तोंडात घास घेऊन बोलतेय ही.

मला हसू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की उठून तो नवा डबा खिडकीबाहेर फेकावा. वहिनी दारात पदराने डोळे पुसत होती. आईने मग दादाला समोर बोलावलं. आवाज स्वच्छ आलाय ना, तिने विचारलं. त्याने मान हलवली. मग तू ऐक आणि तू सांग, ती म्हणाली. इथे, उजेडात उभं राहून. रोज एक.

दादाला घाम फुटला. लग्न झाल्यापासून त्याच्या खुणा म्हणजे जेवण, औषध, झोप, एवढ्यावर आल्या होत्या. मी म्हटलं मी सांगते, माझे हात चालू आहेत. आईने मला बसवलं. तुला काय मी ओळखत नाही का, ती म्हणाली, तू रागाच्या भरात बातम्या बदलशील.

मी फाइल पहिल्यापासून लावली, चौकट पुन्हा कोपऱ्यात. बातमीवाली बोलायला लागली, आवाज खरंच स्वच्छ होता, आणि दादा खिडकीपाशी उभा राहून तिच्या मागे धापा टाकत धावायला लागला. पाणीटंचाई कशीबशी निभावली. मग नदीवरच्या पुलाची बातमी आली आणि त्याने केली चटईची खूण. आईने खुर्चीचा हात बडवला, माणसं काय चटईवरून नदी पार करतात? त्याने पुन्हा केली, पुन्हा चुकली. संपाची बातमी त्याने अर्धीच सांगितली. हवामानाला जरा हात सैल झाले. तिथे एक खूण त्याने अगदी ताईसारखी केली, पावसाची, बोटं वरून खाली पसरत. ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती, आपोआप आली. मला त्याच्याकडे बघवेना. राग होताच, पण बघवेना.

बातमीवालीने कागद टेबलावर ठोकले. दादाने ते ऐकलं, आणि आता काय येतं हे त्याला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. त्याचे हात वर आले. डाव्या अंगठ्यावरून त्याने उजव्या हाताची दोन बोटं ओढायला घेतली.

आईने त्याचे हात धरले.

आमच्या आईने. ज्यासाठी तिने आम्हाला बडवलं, ज्यासाठी तासाभरापूर्वी त्यालाच बडवलं, तेच तिने केलं. एका हाताने त्याचे दोन्ही हात खाली ओढून आपल्या मांडीवर दाबून धरले. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्या हाताने ती त्याला म्हणाली, "ही बातमी नाही. हे तिचं आहे."

मग पडद्याकडे वळली. उजव्या कोपऱ्यात दोन-तीन चौकोन एकमेकांत सरकत होते. त्यात अंगठा नव्हता, बोट नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. आईने आपल्या खांद्यावरची नसलेली वेणी ओढली. चित्र काळं झालं.

दादा तोंड लपवून रडत होता. हात तिच्या मांडीवर अडकलेले, म्हणून डोकंही तिथेच टेकवलेलं. मी त्याला उठवायला गेले नाही. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही, त्याने नंतर शंभरदा माफी मागितली तरी.

बऱ्याच वेळाने आईने त्याचे हात सोडले. त्याच्या गालाखाली मूठ ठेवून त्याला हाक मारली, आणि म्हणाली, उद्या दुसरी लाव, आणि पूल नीट शिकून ये.